आवाज कमी करायचा, तर दारू कमी घाल?

गौरी यायच्या आदल्या दुपारी, जेवणाची पानं उचलल्यावर, आमच्या पडवीत हा विषय निघाला. भाचा अमेरिकेहून आला होता. तिकडे आयडाहो राज्यात असतो. नोकरी सॉफ्टवेअरची, नाद बंदुकांचा. त्याने फोनवर नानांना एका काडतुसाचा फोटो दाखवला. करंगळीएवढी पितळी पुंगळी आणि तिच्या तोंडात पुंगळीच्या मानाने भलतीच लांब गोळी. (खरी रिकामी पुंगळी दाखवायला आणणार होता, पण विमानतळावर रिकाम्या पुंगळीपायीसुद्धा माणसं अडकतात, म्हणून फोटोवर भागवलं. शहाणपणा केला.) म्हणाला, "आजोबा, या काडतुसाची रायफल इतर रायफलींसारखी कडाडत नाही."

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "आवाज नको तर बंदूक कित्याक व्हयी? आवाज करूक तर मी ती घेतलंय! आणि आवाज कमीच करूचो तर दारू कमी घाल. त्यात काय इतक्या?"

भाचा हसला, पण उत्तर त्याला नीट देता आलं नाही. मी तीसेक वर्षं ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलंय, त्यामुळे मला गप्प राहवेना. नानांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जगभरचे हौशी लोक वाईल्डकॅट, म्हणजे स्वतः घडवलेली, काडतुसं आणि कमी आवाजाच्या गोळ्या यांच्यामागे वर्षानुवर्षं डोकं लावतात, ते याच एका प्रश्नाशी झगडत. दारू कमी घातली की भागत का नाही?

आधी आवाज कसला असतो ते पाहू. बंदुकीचा बार आपल्याला एकच वाटतो, पण रायफलीच्या बारात निदान दोन आवाज असतात. पहिला नळीच्या तोंडाचा. दारू जळून तयार झालेला वायू प्रचंड दाबाने गोळीमागे कोंडलेला असतो. गोळी बूच निघावं तशी नळीबाहेर पडली, की तो मोकळा होऊन हवेवर आदळतो. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतो तोच प्रकार, फक्त हजारो पटींनी जोरात. तो झाला "धडाम".

दुसरा आवाज खुद्द गोळीचा, आणि तो सगळ्या वाटेवर होत जातो. हे समजायला खाडीवर जाऊन उभं राहावं. वल्ही मारत सावकाश जाणाऱ्या होडीच्या लाटा तिच्याही पुढे पसरतात. तीच होडी इंजीन लावून जोरात सोडली, की ती स्वतःच्या लाटांना मागे टाकते, आणि तिच्यामागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी लाटांची दुहेरी रेघ ओढली जाते. काठावरच्या माणसासमोरून होडी निघून जाते, आणि मग ती लाट येऊन त्याच्या पायावर फुटते. हवेत आवाजापेक्षा वेगाने जाणारी गोळी नेमकं हेच करते. तिच्यामागे दाबाचा एक शंकू पसरत जातो, आणि त्याची कड कानावरून गेली की चाबकासारखा "टाच्" ऐकू येतो. १८८६ मध्ये एड्रियाटिकच्या काठावरच्या फ्यूमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रिएकात, नौदलाच्या अकादमीतले प्राध्यापक पीटर साल्खर यांनी उडत्या गोळीच्या या शंकूचा फोटो काढला. कल्पना प्रागच्या एर्न्स्ट माख यांची. विमानांच्या वेगाला आपण 'माख' म्हणतो ते यांच्याच नावावरून. तो प्रयोगही एका बंदरगावात झाला, याचं माझ्यासारख्या समुद्राकाठच्या मास्तराला उगाचच कौतुक वाटतं.

फौजेतून निवृत्त झालेली माणसं सांगतात की लांबून गोळी आली की आधी "टाच्" आणि मग "धुम्म". गोळी आवाजाच्या पुढे धावते, म्हणून तिची बातमी आधी आणि बंदुकीची मागाहून. त्या दोहोंतल्या अंतरावरून बंदूक किती लांब आहे याचा अंदाज बांधतात.

आता मुद्द्याचा आकडा. शून्य अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो, आणि दर अंशाला तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे, १८ अंशांना, तो ३४२ च्या आसपास आणि मे महिन्याच्या दुपारी, ३४ अंशांना, ३५१ च्या आसपास. ओलसर हवेत आणखी किंचित जास्त. ३४० मीटर वेगाची गोळी कोकणात मे महिन्यात मुकाट जाईल, पण आयडाहोच्या बर्फात तीच कडाडेल. त्यात गंमत अशी की उकाड्यात दारूही जरा जोरात जळते, त्यामुळे गोळीचा वेगही वाढतो. म्हणून शहाणे लोक काठाकाठाने जात नाहीत. ३१०-३२० च्या आतच राहतात. अशा गोळीला ते 'सबसॉनिक' म्हणतात. आपण ध्वनीहून हळू म्हणू.

ही काही नवी टूम नाही. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून आहे. एनसीसीत असताना पालथं पडून मी आयुष्यातल्या पहिल्या पाच गोळ्या झाडल्या, त्या त्याच्याच. खांद्याला धक्काही जाणवला नव्हता, एवढं आठवतं. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी हे काडतूस मुद्दाम ध्वनीहून हळू बनवतात, आणि तिथे कारण आवाजाचं नसतंच. गोळी ध्वनीच्या वेगाहून जोरात निघाली, की हवेच्या अडथळ्याने वाटेत केव्हातरी तो वेग खाली उतरताना ओलांडते, आणि त्या उंबरठ्यावर हवा तिला धक्के देते. मुळातच उंबरठ्याच्या अलीकडून निघाली तर ती भानगड नाही. घाटावरच्या आमच्या शेजाऱ्याने, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्य मिळवलं ते याच काडतुसाच्या ५० मीटरच्या प्रकारात.

मग नानांचं म्हणणं काय चुकलं? दारू कमी, वेग कमी, कडाड बंद. कागदावर बरोबर आहे. पण नानांचा हिशेब ठासणीच्या बंदुकीचा आहे, म्हणजे काळ्या दारूचा.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळते तेव्हा दाब थोडा असो की फार, जळण्याचा तिचा वेग तितकासा बदलत नाही. थोडी घाल, थोडा बार. जास्त घाल, मोठा बार. पण १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू बनवली, आणि हळूहळू जगातल्या सगळ्या रायफली तिच्यावर गेल्या. तिचा स्वभाव वेगळा. दाब वाढला की ती आणखी जोरात जळते, त्याने दाब आणखी वाढतो. चुलीत ओली लाकडं आणि फुंकणी यांचं जे नातं, तसं. पेटली तर भडकते, नाही तर धुमसत बसते. कारखान्यात काडतूस बनवतात तेव्हा पुंगळी केवढी, दारू कुठली आणि किती, गोळी किती जड, हा सगळा हिशेब एकमेकांशी जुळवलेला असतो. त्यातली एकच गोष्ट हलवली, की बाकीच्या बिथरतात.

मोठ्या पुंगळीत तळाला चिमूटभर दारू आहे आणि वर सगळी पोकळी, असं काडतूस डोळ्यांसमोर आणा. बंदूक आडवी धरली की दारू पुंगळीच्या लांबीत पसरते. नळी खाली केली की ती गोळीकडे सरकते आणि ठिणगीपासून लांब जाते. वर केली की ठिणगीजवळ जमा होते. एकच काडतूस, पण हात कसा धरला त्यावर बार बदलतो. कधी ती इतकी दुबळी पेटते की गोळी नळीतच अडकून बसते. "फुस्स" असा आवाज येतो, झाडणाऱ्याला वाटतं काडतूसच खराब, तो दुसरं घालून चाप ओढतो. पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते, कधी हात आणि तोंडासकट. याच्या उलटही होतं. सावकाश जळणारी दारू मोठ्या पुंगळीत फार कमी भरलेली असताना, व्हायला हवा त्याच्या कितीतरी पट दाब होऊन रायफली फुटलेल्या आहेत. हे का घडतं यावर जाणकारांचे वाद आहेत, पण घडतं यावर नाहीत. 'कमी दारू म्हणजे सुरक्षित' ही समजूत या साऱ्या विषयातली सगळ्यात घातक आहे, आणि दिसायला सगळ्यात निरागस.

हे मी सांगत होतो तेव्हा नाना अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ते थांबले. म्हणाले, "म्हणजे तुमची ती पुंगळी ठासलली नाय, असाच ना? नीट ठासूक नाय तर नळी फुटता. माझ्या बापाशीन माका पयला ह्याच शिकयल्यान."

मला मास्तर असून हे सुचलं नव्हतं. लहानपणी मागच्या खळ्यात नानांना बंदूक भरताना मी कितीदा पाहिलंय. दस्ता दोन पावलांत धरलेला, नळी तोंडापासून लांब कललेली. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग लोखंडी गज. गज दोन-तीनदा घातला की आवाज बदलतो. आधी "भस्‌ भस्‌", मग "टण्". टण् वाजून गज हातात उसळला की नाना मान हलवायचे. म्हणजे मध्ये पोकळी उरली नाही. त्यानंतर छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळ्यात शेवटी, बाहेर जाऊन, घोड्याखाली टोपी. दारू आणि छर्रे यांच्यात मोकळी जागा राहिली तर नळी जाते, हे कोकणातल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. सारा सबसॉनिक प्रकार याच जागेपाशी येऊन अडतो. दारू कमी केलीस, ठीक. मोकळ्या जागेचं काय करशील?

नानांचा पुढचा प्रश्न त्याहून नेमका होता. "मगे तेच्यात मोकळी जागा ठेवतंस कित्याक? भांडाच ल्हान घे."

आणि हेच उत्तर. लहान भांडं. इथून वाईल्डकॅट सुरू होतं.

वाईल्डकॅट म्हणजे शब्दशः रानमांजर. इथे अर्थ असा की कुठल्याही कारखान्याच्या यादीत नसलेलं, कुणीतरी हौसेने स्वतःच्या गरजेपुरतं घडवलेलं काडतूस. अमेरिकेत १९२६ पासून कारखान्यांची 'सामी' नावाची संस्था काडतुसांची मापं आणि दाब ठरवून देते. तिच्या वहीत ज्याची नोंद नाही ते रानमांजर. पितळी पुंगळी मुळापासून कुणी बनवत बसत नाही. बाजारात मिळणारी एखादी घेतात आणि तिचा गळा अरुंद करतात, नाहीतर रुंद करतात, उंची कापतात, खांद्याचा उतार बदलतात. तांबट कळशीचा गळा ओढतो त्याच जातीचं काम. पितळ ठोकलं की कडक होतं आणि तडकतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करावं लागतं. तेही तांबटासारखंच.

शेवटचा आकार कधी कधी बार काढूनच देतात. नव्या मापाचं घर नळीत कोरलेलं असतं. जुन्या आकाराची पुंगळी त्यात घालून झाडली की दाबाने पितळ फुगतं आणि घराच्या भिंतीला चिकटून तोच आकार घेतं. आत त्या क्षणी आमच्या बायका दुसऱ्या दिवशीच्या तयारीचे मोदकाचे साचे धूत होत्या. मी एक मागवला आणि भाच्यापुढे ठेवला. उकड आतून दाबली की साच्याच्या कळ्या उमटतात. उकडीच्या जागी पितळ, अंगठ्याच्या जागी दारू. साचा आणि उकड यांत फट जास्त राहिली तर मोदक बिघडतो. इथे फट जास्त राहिली तर पुंगळी बुडाजवळ ताणून फाटते आणि जळता वायू झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. उपमा इथे संपते.

यातली कित्येक रानमांजरं पुढे माणसाळली. २२-२५० नावाचं काडतूस मूळ हौशी लोकांचं. २५०-३००० सॅव्हेजची पुंगळी घेऊन तिचा गळा आवळलेला. तीसेक वर्षं ते असंच फिरत होतं. १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते आपल्या यादीत घेतलं. २५-०६ चंही तसंच, १९६९ मध्ये. आपल्याकडचं उदाहरण हवं तर जुन्या पोलिसांची ४१० मस्केट. पॉइंट थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीचा गळा न आवळता ती सरळ ठेवली, की ४१० मस्केटची पुंगळी झाली. तेव्हाच्या सरकारने ते मुद्दाम केलं होतं. शिपायाच्या हाती फौजेची रायफल द्यायची नव्हती, म्हणून दिसायला तीच बंदूक, पण आत गुळगुळीत नळी. एकाची हौस, एकाचा अविश्वास. पितळाचं काम तेच.

भाच्याच्या फोटोतल्या काडतुसाची वंशावळ अशी. १९५० मध्ये २२२ रेमिंग्टन आलं. ते आखूड करून १९६३ मध्ये २२१ फायरबॉल. १९९० च्या दशकात जे. डी. जोन्स यांनी त्या आखूड पुंगळीचा गळा रुंद करून तिच्यात ३०० ची, म्हणजे पाऊण सेंटिमीटरहून किंचित जाड, गोळी बसवली आणि नाव ठेवलं ३०० व्हिस्पर. व्हिस्पर म्हणजे कुजबूज. त्याच धर्तीचं ३०० ब्लॅकआऊट २०११ मध्ये सामीच्या वहीत चढलं. भांडं लहान, त्यामुळे थोडी दारूही ते बऱ्यापैकी भरते. पोकळी फारशी उरत नाही. नानांच्या गजाचा "टण्" तिथे पुंगळीच्या आकाराने साधलाय.

पण हळू गोळीचं दुसरं दुखणं उरतंच, ताकद. गोळीतली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. वेग निम्मा केला की ऊर्जा चौथाई. ३०० ब्लॅकआऊटची ८ ग्रॅमची नेहमीची गोळी सेकंदाला सुमारे ६७५ मीटरने जाते आणि तिच्यात साधारण १८०० ज्यूल ऊर्जा असते. तीच गोळी ३०८ मीटरने सोडली तर उरतात जेमतेम ३८०. म्हणून हळू गोळी जड करतात. सव्वाचौदा ग्रॅमची गोळी ३०८ मीटरने गेली की पावणेसातशे ज्यूल. म्हणजे रायफलीचा खर्च, तिची लांबी, हा सगळा खटाटोप, आणि पदरात एखाद्या दमदार पिस्तुलाएवढी ताकद. अशा गोळीने मोठं जनावर जागच्या जागी पडेलच असं नाही. जखमी होऊन रानात शिरेल. भाच्याला मी तोंडावर सांगितलं, कागदाच्या लक्ष्यावर हे खेळ छान आहेत, जनावरावर नकोत. त्याने वाद घातला नाही.

जड गोळी म्हणजे लांब गोळी, कारण जाडी नळीने ठरवून दिलेली. आणि लांब गोळीला पीळ जास्त हवा. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या चरी असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती नाक पुढे ठेवून जाते. पोरं भवरा खेळतात तेव्हा पाहा. बुटका भवरा थोड्या जाळीवरही उभा राहतो, उंच आणि हडकुळा भवरा जोरात फिरवला नाही तर लगेच डुलतो. १८७९ मध्ये वुलविचच्या प्राध्यापक ग्रीनहिल यांनी गोळीच्या लांबीवरून किती पीळ लागेल याचं सूत्र दिलं. ते आजही ढोबळ अंदाजाला पुरतं. ३०० जाडीच्या नेहमीच्या शिकारी रायफलीत दहा-बारा इंचांत एक वेढा असतो. या जड, हळू गोळीला सात-आठ इंचांत एक लागतो. म्हणजे नळीही वेगळी घ्यायला हवी. पीळ कमी पडला तर गोळी कोलांट्या खात जाते आणि लक्ष्यावर गोल भोकाऐवजी कुलपाच्या चावीच्या भोकासारखी लांबट फट पाडते.

आणखी एक. हळू गोळी वाटेत जास्त वेळ असते, म्हणून जास्त पडते. हे गणित मी वर्गात दरवर्षी द्यायचो. सेकंदाला ८०० मीटरची गोळी १०० मीटर गाठेपर्यंत आठ-नऊ सेंटिमीटर खाली येते. ३१० ची अर्ध्या मीटरहून जास्त. आणि १०० मीटर समजून झाडली पण लक्ष्य निघालं १२० वर, तर हळू गोळी बारा-तेरा सेंटिमीटर खाली लागेल. अंतर डोळ्यांनी मोजणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

आता एकबारी रायफल. एका वेळी एकच काडतूस हाताने घालायचं, झाडायचं, पुंगळी काढायची, दुसरं घालायचं. हौशी माणसाला हीच का आवडते? आपोआप भरणाऱ्या रायफलीला पुढचं काडतूस ओढायला वायूचा किंवा धक्क्याचा ठरावीक जोर लागतो. दुबळ्या काडतुसावर ती अडखळते. शिवाय तिचं यंत्र हलताना खडखडतं, आणि वायू मागूनही निसटतो. एकबारीला कशाचीच पर्वा नाही. काडतूस कितीही विचित्र आकाराचं असो, पेटीत मावायचा प्रश्न नाही. पाठ घट्ट बंद राहते, म्हणून आवाज फक्त पुढून. पुंगळीला खाली कड असली की ती घराच्या काठावर बसते, गुळाच्या डब्यावर झाकण बसावं तशी, आणि मागची फट नेमकी राहते. थॉम्प्सन सेंटरच्या १९६७ च्या कंटेंडरमध्ये तर एक खिळा काढून नळीच बदलता येते. नवं रानमांजर सुचलं की नवी नळी. बंदूक तीच. ३०० व्हिस्पर अशाच नळ्यांवर वाढलं.

एक धोका मात्र एकबारीतही आहे, आणि तो रानमांजरांचा सगळ्यात वाईट वारसा. पुंगळीचं बूड एकाच घराण्याचं असल्यामुळे एका मापाचं काडतूस दुसऱ्या मापाच्या घरात जाऊन बसू शकतं. ३०० ब्लॅकआऊट चुकून २२३ च्या रायफलीत गेल्याने नळ्या फुटलेल्या आहेत. साडेसात मिलिमीटरची गोळी साडेपाचच्या नळीत शिरणार कुठून? म्हणून भाचा दोन्ही प्रकारची काडतुसं एकाच दिवशी रेंजवर नेत नाही. त्याची ही एक सवय मला फार पटली.

आणि सबसॉनिक म्हणजे मुकी, असंही नाही. गोळीची कडाड जाते, नळीचं धडाम कमी झालं तरी उरतं. कानात बोळे घालावेच लागतात. नानांना विचारा. त्यांचा डावा कान गेला आहे. उजव्या खांद्याला दस्ता लावून गाल टेकवला की उजवा कान खांद्याआड जातो आणि डावा नळीच्या तोंडाकडे वळतो. साठ वर्षं तो वळत राहिला. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागतं.

आपल्याकडे यातलं काय करता येतं? फार थोडं, आणि घरी काहीच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची मिळते. पिळाची रायफल त्यात बसत नाही. परवान्याशिवाय काडतूस बनवणं किंवा बंदुकीत फेरफार करणं हा गुन्हा, आणि आवाज दाबणारा जोड तर कायद्याच्या व्याख्येत स्वतःच बंदुकीत धरलेला आहे. रानडुक्कर कितीही नुकसान करो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीवाचून त्याच्यावर बार काढता येत नाही. तेव्हा भाच्याचे प्रयोग भाच्याकडेच ठीक. गावात कुणी गावठी बंदुकीवर हे करून बघायचं म्हणत असेल, तर त्याला वरचा फुटलेल्या नळीचा परिच्छेद वाचून दाखवा.

शिवाय आपली गरजच उलटी. कोकणात बंदुकीची किंमत तिच्या आवाजात आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होती, आमच्याकडे मतदान ७ मे रोजी होतं, आणि नेमका आंबा तयार व्हायचे ते दिवस. वांदरांनी वरच्या बागेतली दोन झाडं आठवड्यात रिकामी केली. खाल्ले थोडे, चावून टाकले फार. नाना रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी घेऊन फिरले.

त्या दुपारीही तसंच झालं. भाचा पिळाचं गणित मोबाईलवर पुन्हा पडताळत होता, तेवढ्यात मागच्या माडावरून दोन शहाळी धप्पकन खाली आली. बंदूक कपाटात होती आणि कपाटाची किल्ली देवघरात. नानांनी पडवीच्या कोपऱ्यातला डबा उचलला, जाता जाता भाच्याला म्हणाले, "चल, तुका आवाज दाखवतंय," आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने असा काही बडवला, की समोरच्या घरातली आरती क्षणभर थांबली.